एका ओढीत

"ऑइल पांढरं निघालं का?" शालिग्रामनं विचारलं.

गजेंद्र मिस्त्रीनं इंजिनाच्या खालचा स्क्रू सैल करून चार थेंब तळहातावर घेतले होते. आत पाणी शिरलं असेल तर हे ऑइल दुधासारखं पांढरं पडतं. हे काळसर, चिकट, जसं हवं तसं होतं.

"नाही भाऊ. चांगलं हाय."

शालिग्रामनं नुसती मान हलवली. खूश झाल्यासारखा काही दिसला नाही.

तलावाच्या काठाशी नाव अर्धी पाण्यात उभी होती. नावेचा मालक रंगराव बाजूला तंबाखू मळत होता. हा सौदा आज व्हायलाच हवा होता. गणपतीपासून नाव काठाला पडून होती. मालेगावची दोन गिऱ्हाइकं आली, फुकटचा चहा ढोसून गेली, परत फिरकली नाहीत. हा इंझोरीचा भाजीवाला तिसरा. आपल्या गावच्या तलावात मासेमारी करायची म्हणत होता, आणि मिस्त्री सोबत घेऊन आला होता. नाव विकून पाण्याशी संबंध तोडायचा, असं रंगरावानं बायकोला केव्हाच सांगून टाकलं होतं.

"काहून इकून राह्यले?" शालिग्रामनं विचारलं.

"कंबर धरते. वय झालं आता."

"मालेगावच्या स्टँडवर एक जण म्हणे, हे इंजिन ऐन वक्तावर दगा देते."

रंगरावाच्या अंगाचा तिळपापड झाला. हीच ती आवई. हिनंच आधीची दोन्ही गिऱ्हाइकं पळवली होती. ती कुठून उठली ते त्याला चांगलं ठाऊक होतं, पण आता त्याचा काय उपयोग!

"जळते लोकं, भाऊ! चार वर्षं झाले, एक दिवसबी बंद पडलं नाही. एका ओढीत चालू."

"पावसाळ्यातही?"

"बाराही महिने."

"गणपतीत?"

रंगरावाचा अंगठा तळहातावर थांबला. "गणपती म्हणा, दसरा म्हणा. कवाही ओढा."

"मंग मधात रिपेर करून घेतलं असन."

"पाना लावला असन तं आईची शपथ!"

गजेंद्रनं वरचं झाकण काढून आत वाकून पाहिलं. "खरं सांगून राह्यले ते. बोल्टावरचा कंपनीचा रंगबी तुटला नाही. हे इंजिन कधी उघडलंच नाही."

शालिग्राम स्वतः वाकला. एकेका बोल्टावरून त्यानं नख फिरवलं, रंग खरवडून पाहिला. पंख्याची पाती चाचपली, पेट्रोलची नळी वास घेऊन पाहिली. असं चिवट गिऱ्हाईक रंगरावानं जन्मात पाहिलं नव्हतं. लोक खोट काढतात ती भाव पाडायला. या बाबानं भावाचं नावही काढलं नव्हतं.

"दोरी मी ओढतो," शालिग्राम म्हणाला.

चार महिने इंजिनाला हात लागला नव्हता. पेट्रोल सकाळीच नवं भरलं होतं, तरी यंत्राचा काय भरवसा! रंगरावानं मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

एक ओढ. इंजिन फडफडलं आणि एका लयीत धडधडू लागलं. बाजूच्या भोकातून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार सुटली. शालिग्राम त्या धारेखाली हात धरून तसाच उभा राहिला. गजेंद्रनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठे त्यानं इंजिन बंद केलं.

मग पुन्हा ओढलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा एकाच ओढीत चालू.

शालिग्राम मटकन नावेच्या कडेवर बसला. भाजीवाल्याच्या खांद्यात दम तो किती असणार, असं म्हणून रंगराव मनात हसला. त्याला आता हसायला परवडत होतं.

"तुमी म्हणता ते लिहून द्या," शालिग्राम खिशातून कोरा कागद काढत म्हणाला.

"एक काय, दहा वेळा देतो!"

आणि रंगरावानं मांडीवर कागद ठेवून ठसठशीत अक्षरात लिहून दिलं, की हे इंजिन चार वर्षांत एकदाही बंद पडलेले नाही, एकदाही दुरुस्त केलेले नाही आणि दर वेळी पहिल्या ओढीत चालू होते. खाली सही केली. साक्षीदार म्हणून गजेंद्रनंही केली.

शालिग्रामनं कागद दोनदा वाचला, घडी घालून आतल्या खिशात ठेवला आणि तो काठावर उतरला.

"मंग, नाव कवा नेता?" रंगरावानं विचारलं.

"नाव नाही पायजे मले," शालिग्राम म्हणाला. "विसर्जनाच्या दिवशी इथं बुडाली ते निकिता माही पोरगी. मामाच्या घरी आली होती. काठावरून लोकं नाव काढा म्हणून बोंबलून राह्यले होते, पण इंजिन चालूच झालं नाही, असं ठाण्यात तुमीच लिहून देलं. इंजिन खराबच निघो म्हणून रस्ताभर देवाले हात जोडत आलो, भाऊ."