चूलदेवाचे तोंड

वर्ष सरताना चूलदेव स्वर्गात जाऊन घरातले बरेवाईट सांगतो. म्हणून निघण्यापूर्वी त्याच्या चित्राच्या ओठांना चिकट साखर फासण्याची सोय धर्मशील पूर्वजांनी करून ठेवली आहे. यंदा रुईफेनने साखर जास्तच घेतली. नवरा राजधानीत मातृभक्तीवर व्याख्याने देत होता, आणि इथे त्याच्या लुळ्या आईचे करता करता थकून तिने चुलीपाशी कितीदा तरी म्हातारीचे मरण मागितले होते.

“साखर ठेव खाली,” सासू अंथरुणातून म्हणाली.

“आई, हा मेला वर जाऊन चहाड्या करील.”

“करू दे. तू काय बोलायचीस ते मीही ऐकलंय. त्यानंतर दर वेळी गरम पेज घेऊन यायचीस, तेही यानं पाहिलंय. खाली माझ्या लेकाचं कौतुक पुष्कळ झालं. वर तरी तुझं नाव निघू दे.”