दोन सह्यांचं पाकीट

तोडकर गुरुजींनी राज्यस्तरीय चाचणीचं सीलबंद पाकीट टेबलावर ठेवलं. समोर अख्खी शाळा पेन्सिलीला टोक काढून बसली होती. म्हणजे तिसरीतली एकटी रेवती.

पाकीट उघडताना दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घ्याव्यात, असं परिपत्रकात होतं. गुरुजींनी केंद्रप्रमुखांना फोन लावला.

"साहेब, शाळेचा पटच एक आहे."

"मग तिच्याकडूनच दोन नावांनी सह्या घ्या. निकाल आला नाही तर शाळेला कुलूप लागेल."

"दोन नावांनी दोन सह्या कर," म्हणत गुरुजींनी कागद पुढे सरकवला. रेवतीने आपली सही केली आणि पेन परत दिलं.

"दुसरी खोटी होईल, गुरुजी. खोटं लिहिणं म्हणजे कॉपीच, तुम्हीच म्हणता."

पाकीट न फोडताच कपाटात गेलं. अहवालातल्या 'कॉपीचे प्रकार' या रकान्यात गुरुजींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: एक. करणारे केंद्रप्रमुख व मी, पकडणारी इयत्ता तिसरी.