पोट भरल्याचा रंग

साखर कारखान्याचे अध्यक्ष जयवंतराव ऊस बघून प्रयोगशाळेत आले तेच कपाळाला आठ्या घालून. "मॅडम, तुमच्या उसाची पानं लाल पडलीत. रोग आहे हा. महिनाभर मी युरिया वाढवायला लावतोय, तरी जात नाही."

डॉ. केतकी घोरपडेंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उमेदीची वर्षं घालवून त्यांनी हा ऊस घडवला होता. पोट भरलं की त्यानं पानं लाल करून सांगायचं, बस्स, आता खत नको. जास्तीचा युरिया वाहून शेजारच्या तळ्यात जाऊ नये, तिथं शेवाळ माजू नये, मासे मरू नयेत, एवढ्यासाठीच तर कारखान्यानं संशोधनाला पैसे दिले होते.

"रोग नाही तो, साहेब. ऊस पोट भरल्याचं सांगतोय."

"सांगत असेल. पण आमच्या लोकांना ऊस हिरवागार लागतो. तेवढा लाल रंग काढून टाका, पुढचा निधी आजच मंजूर करतो."

केतकी उठल्या आणि त्यांनी तळ्याकडची खिडकी धाडकन उघडली. कुजलेल्या माशांचा भपकारा आत आला. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला.

"हिरवंगारच हवंय ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग रुमाल काढा आणि बघा. तुमचं तळं काठोकाठ हिरवंगार झालंय."