राखाडी रेनकोट, लाल दोरा

बटणवाली हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते, ही मुकादमिणीची पहिली तक्रार. फोनवर तर अशी पुटपुटते, जणू ओठांत टाचण्या धरल्यात. शेवटी सुनेला शेजारी बसून तिचं एकेक वाक्य मोठ्याने सांगावं लागतं. सून मध्येच काहीतरी बोलायला जाते आणि सासूचा चेहरा बघून गिळून टाकते. आणि एवढं करून ऐकायचं काय, तर नन्नाचा पाढा. धबधब्याला यायचं नाही. आधी गुडघे दुखत होते. मग रस्ता खराब होता. आता म्हणे शनिवारी भाचा येणार आहे.

"भाचा!" मुकादमीण सुनेवरच कडाडली. "बारा वर्षं फिरकला नाही, तो नेमका शनिवारी उगवणार?"

दुसरी तक्रार तिच्या मांडीवर पडली होती. सहलीसाठी तिने स्वतःच्या हाताने तीन राखाडी रेनकोट बेतून शिवले होते. एक स्वतःला, एक इस्त्रीवालीला, एक बटणवालीला. काज करून बटणं लावायला ते अर्थातच बटणवालीकडे गेले. आज परत आले. राखाडी कापडावर लालभडक दोरा. एका बटणाला तर हिरवा. शर्टाच्या कारखान्यात सात तऱ्हेचे पांढरे दोरे लांबून ओळखणारी बाई ही!

"मुद्दाम केलंय. यायचं नाही तर सरळ सांगावं. माझ्या कापडाची चेष्टा कशाला?" तिने आपला रेनकोट काखोटीला मारला आणि चपला पायांत सरकवल्या.

वाटेत राग जरा निवला, कारण जुनं आठवायला लागलं. तीस वर्षांपूर्वी कारखान्याच्या कपाटावर कॅलेंडरमधलं एक चित्र चिकटवलं होतं. त्याच धबधब्याचं. जेवणाच्या सुट्टीत तिघी त्याच्यासमोर डबे उघडायच्या आणि बेत करायच्या. एकदा इस्त्रीवालीचं बाळंतपण आडवं आलं. एकदा मुकादमिणीच्या सासूने अंथरूण धरलं. एकदा दोन हजार शर्टांचं काम येऊन पडलं. चित्रातलं पाणी पिवळं झालं, पण बटणवाली काही थकली नाही. सुट्टी संपून चाळीस मशिनी एकदम सुरू झाल्या की ती डोळे मिटायची आणि म्हणायची, "असाच वाजत असेल गं तो!"

त्या गदारोळात तिचा आवाज पोचायचा नाही. पोचायची गरजही नव्हती. तिथे सगळ्याच जणी ओठांवरून बोलणं उचलायला शिकल्या होत्या. मुकादमिणीची ती सवय अजून सुटली नव्हती. उलट हल्ली जास्तच लागली होती.

बटणवालीचं दार उघडंच होतं. ती पाठमोरी उभी होती. मागे न वळता तिने हात हलवला आणि मग वळून म्हणाली, "ये, मुकादमीणबाई. चपला अशा फरफटत दुसरं कोण येणार? बस, चहा टाकते."

ती पुन्हा शेगडीकडे वळली आणि बोलत राहिली. मुकादमिणीच्या कानी त्यातलं काही पडेना. म्हणून तिने खोली न्याहाळली.

खिडकीत सुयांची उशी होती. तिच्यात डझनभर सुया ओवून ठेवलेल्या. लाल, हिरवी, निळी, पुन्हा लाल. खाली दोऱ्यांच्या डब्यात सगळे रंग एकमेकांत गुंतलेले. पूर्वी त्या डब्याला कुणी हात लावला तर ही बाई आठवडाभर बोलत नसे.

बटणवालीने कप घेतला. बोटाचं टोक कपाच्या आत धरलं आणि चहा ओतला. बोटाला चटका बसला तशी थांबली.

मुकादमिणीने रेनकोट उलगडून तिच्यासमोर धरला. ती रेनकोटाकडे बघेना. मुकादमिणीच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत हसत राहिली. मग मुकादमिणीने बटणांवरून अंगठा फिरवला. दोन बटणांमधलं अंतर सगळीकडे सारखं. केसभराचा फरक नाही. रंग चुकले होते, हात चुकला नव्हता.

"सुया कोण ओवून देतं?"

बटणवालीचा चेहरा उतरला. "शेजारीण. सकाळी कामावर जाताना. हाताला येईल तो दोरा ओवते बिचारी." तिची बोटं बटणांवर गेली. "लाल लावला का गं मी?"

"लाल. आणि एक हिरवा."

"मग आता कळलं ना? मला तिथे नेऊन काय करणार? तुम्ही दोघी बघाल, मी आपली खांबासारखी उभी. तीस वर्षं तो मनात जपलाय. तेवढा तरी राहू दे माझा."

मुकादमिणीच्या जिभेवर घरून आणलेलं बरंच काही तयार होतं. ते तिने गिळलं. लाल दोऱ्याचा तो रेनकोट अंगात घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली आणि खुर्ची ओढून अगदी गुडघ्याला गुडघा टेकवून बसली. हनुवटीला धरून मैत्रिणीचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"लबाड कुठली! डोळे गेले ते लपवतेस आणि मला भाचे सांगतेस? मग आता माझंही ऐकून घे. तू पुटपुटत नाहीस. चार वर्षं झाली, त्या मशिनींनी माझे कान खाल्ले. सुनेला कळलंय, पण माझ्या तोंडाला भिऊन बोलत नाही. त्या धबधब्यापुढे मला नुसतं पांढरं पाणी दिसणार आहे, बटणवाले, मुकं पाणी. शनिवारी सकाळी सहाला तयार राहा. तो कसा वाजतो, ते मला सांगायला कुणीतरी नको का?"