डॅल्टन क्रेबचा गुरू

“डॅल्टन क्रेब यांनी आपली गिटारवादनाची शैली वृद्ध टिब्स यांच्या ओसरीवर, त्यांच्या पायाशी बसून आत्मसात केली.” मिसिसिपीतल्या त्या गावाच्या समितीने पितळेवर कोरून घेतलेल्या या वाक्यात, ब्लूज-संशोधक डॉ. ऑरीलियाच्या मते, खरे असे एकच होते: टिब्सच्या घराला ओसरी होती.

टिब्सचा पंजा फावड्याएवढा. अंगठा गिटारच्या मानेवरून वळवून तो जाड तार दाबी. क्रेबच्या गाजलेल्या पहिल्या तबकडीवर तो अंगठा कुठेच नाही. तिथे तारांवर घसरवायची बाटलीच्या गळ्याची नळी करंगळीत आहे. ती सुराच्या अलीकडेच थबकते आणि उरलेले अंतर ऐकणाऱ्याला चालायला लावते. शिवाय प्रत्येक ओळ चर्चमधल्या ‘आमेन’सारखी खाली बसते. क्रेबच्या पुढच्या एकाही तबकडीवर हे वाजवणे नाही. समीक्षक त्याला विकास म्हणतात. चोराला माल पुरला नाही, असे ऑरीलियाने छापले होते.

माल तिच्या बापाचा होता. रॅन्सम कापसाच्या गिरणीत राबे आणि शनिवारी गुत्त्यावर काळ्या लोकांचे ब्लूज संगीत वाजवी. ती तान्ही असतानाच तो गेला. त्याची गिटार आईने जाळली, असे गाव सांगे. आई, व्हर्लीन, चर्चमधली कडक बाई. ब्लूज म्हणजे सैतानाचे संगीत; त्याला हात लावणाऱ्याचे नाव तिथे भर प्रार्थनेत वाचून त्याला बाहेर काढीत. घरात तर रेडिओलाही बंदी होती. त्या ‘आमेन’मध्ये ऑरीलियाला बापाने आईला मारलेला टोमणा ऐकू येई. गेल्या वसंतात आई वारली, तेव्हा ती दफनाला आली नव्हती.

आज मात्र फलकाच्या अनावरणाला आली होती. फलकावरचा पडदा सरकण्याआधी गोऱ्या क्रेबच्या तोंडून बापाचे नाव वदवले नाही, तर पितळेवर टिब्स कायमचा बसणार होता.

मंडपात मासे तळणाऱ्या मिस ओपलने तिला अडवले. “डॉक्टरीणबाई, आधी मासा खा. तुझा राग काय, तो कधीच थंड होत नाही.”

“तुमच्या पाहुण्याशी बोलून खाते.”

“बोल बाई. पण बेतानं. मेला तर भाषणं कोण करणार?”

क्रेब व्यासपीठामागे बसला होता. बोटे संधिवाताने वाकलेली.

“तुझं पुस्तक वाचलं, पोरी. चोर म्हटलंयस मला.”

“पुराव्यानिशी. टिब्सकडून तुम्ही काहीएक शिकला नाहीत.”

“नाही शिकलो.”

इतक्या स्वस्त कबुलीची तिला सवय नव्हती. “मग बाहेर चला आणि सांगा, की रॅन्समचं वाजवणं उचललं म्हणून.”

“रॅन्समचं?” म्हातारा खोकत हसला. “अगं, तो वाजवायला लागला की लोक मुद्दाम मोठ्यानं नाचायचे.”

“मेलेल्या माणसाची थट्टा पुरे, मिस्टर क्रेब. मग त्या रेकॉर्डवर हात कुणाचा?”

बाहेर कुणीतरी माइक ठोकून पाहत होते. क्रेबने मान खाली घातली.

“शपथ होती मला. वसंतात सुटली,” तो म्हणाला. मग त्याने जे सांगितले, ते शब्दशः असे:

“मी चोरलं नाही, पोरी, चोरायलासुद्धा जमावं लागतं. त्या रेकॉर्डवर मी नुसता गायलोय. वाजवलंय तुझ्या आईनं, आणि तू रडायला लागलीस की आम्ही थांबायचो.”