चौथी जोडी

"आते सांग," रतिलालनाना म्हणाले आणि त्यांनी टेपचं बटण दाबलं.

मंदाबाईंनी डोळे मिटले. खोलीत एकवीस वर्षांच्या मुलीचा आवाज भरला. त्या दोघांची लेक, मोहिनी, कानबाईच्या सणाचं गाणं म्हणत होती. श्रावणातल्या एका दुपारी नानांनीच ते कॅसेटवर घेतलं होतं. पुढचा श्रावण यायच्या आत मोहिनी आपल्या मनाने लग्न करून धुळ्याला गेली. तिचं तोंड पाहणार नाही, असं नाना म्हणाले आणि शब्दाला जागले. त्याला बावीस वर्षं झाली. अमळनेरहून धुळे म्हणजे एस.टी.ने तासाभराचा रस्ता.

तोंड पाहायचं नव्हतं, पण आवाज ऐकायची बंदी नानांनी स्वतःवर घातली नव्हती. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, नाना जुन्या रेडिओंत असायच्या त्या व्हॉल्व्हच्या नादी लागले. जन्म गेला कॉलेजातल्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत, हाताला सवय होतीच. त्यांनी स्वतः अॅम्प्लिफायर जुळवला. काचेच्या बोटभर नळ्या, एक डाव्या स्पीकरची, एक उजव्याची. त्या आतून लालसर उजळल्या की आवाज उमटायचा. गंमत अशी, की जोडी बदलली की आवाजही बदलायचा, आणि नानांना एकाही जोडीत आपली मोहिनी सापडत नव्हती.

चेन्नईहून कुरियरने आलेली रशियन जोडी स्वच्छ होती, पण परक्या घरी आलेल्या पाहुणीसारखी अंग चोरून गायची. दुसरी भरदार होती. तिच्यात मोहिनी कोठीघरात उभी राहून गातेय असं वाटायचं. तिसरी सगळ्यांत महागडी. ती इतकी गोड होती, की नानांनी वहीत शेरा मारला, 'ही आमची नव्हे.'

तापलेला व्हॉल्व्ह लगेच काढता येत नाही. तो निवू द्यायचा, दुसरा फडक्यात धरून बसवायचा, मग तोही चांगला तापू द्यायचा. यात अर्धा तास जातो, आणि तेवढ्यात कान आधीचा आवाज विसरून बसतो. आपल्या कानांवर नानांचा भरवसा नव्हता. म्हणून दर रविवारी जेवणं उरकली की मंदाबाईंना साक्षीला बसवायचं. प्रश्न एकच असायचा, तिच्यासारखा आवाज कोणता? मंदाबाई दर वेळी मान हलवायच्या. नाही. हाही नाही. नाना चिडायचे आणि नवी जोडी मागवायचे.

आज बसवलेली जोडी मात्र कुठून मागवलेली नव्हती. दोन मोडक्या रेडिओंतून काढलेले जुने व्हॉल्व्ह होते. तपासताना मीटरचा काटा निम्म्यावरसुद्धा गेला नव्हता. नुसता फरक कळावा म्हणून नानांनी ते लावले होते. अपेक्षा काहीच नव्हती.

गाणं अर्ध्यावर आलं आणि मंदाबाईंनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत पाणी होतं.

"हाऊच," त्या म्हणाल्या. "हाऊ तिना आवाज शे."

"हाऊ?" नाना हसलेच. "या व्हॉल्व्हस्मा जीव राह्यना नही. आवाज जाडा ये राह्यना. वरला सूर पार बसी जास. तिना आवाज असा कधी व्हता?"

"नव्हता," मंदाबाई म्हणाल्या. पदराच्या टोकाशी त्यांचा चाळा चालला होता. "आते असाच शे. चव्वेचाळीस वरीसनी व्हयनी ती. काल बोलनी मनासंगे."

टेप चालूच होता. नानांचा हात बटणापाशी जाऊन थांबला.

"काल?"

"दर शनिवारले बोलस," मंदाबाई म्हणाल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही बजारले जातस तवय. पयले शेजारनी लताबाईना घरना फोनवर बोलू. आते मोबाईल शे."

बावीस वर्षं मंदाबाई या घटकेला भ्यायल्या होत्या. नाना संतापतील, ताटावरून उठतील, कदाचित त्यांच्याशीही बोलणं टाकतील. नानांनाही वाटलं, की आपल्याला राग यायला हवा. पण आला तो हेवा. ज्या आवाजासाठी ते सातासमुद्रापलीकडून काच मागवत बसले होते, तो बायकोच्या कानाशी दर शनिवारी येऊन जात होता. आणि त्यांच्या कॅसेटमधली मुलगी तर आता जगात कुठेच नव्हती.

त्यांनी टेप बंद केला.

"लाव," ते म्हणाले.

मंदाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फोन लावला आणि तो नवऱ्याच्या हातात दिला. नानांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. दोनदा घंटी वाजली.

"बोल, आई."

जाडसर आवाज. वरचा सूर बसलेला. आत्ता ऐकला तोच. नाना डोळे मिटून बसले. पलीकडून पुन्हा विचारणा झाली, "आई? आज कसा काय फोन करा?"

काय बोलायचं ते त्यांनी कितीदा तरी मनात ठरवलेलं होतं. त्यातलं आता एक अक्षर आठवेना.

"मोहिनी," ते म्हणाले. "कशी शे तू, बेटा?"

मग तो आवाज आला, अनोळखी माणसाशी बोलावं तसा, अदबीने.

"कोन बोली राह्यनं?"