उलट्या प्रदक्षिणा

चौकातल्या जमिनीने साठवलेला जुना काळ दाखवणारं यंत्र आल्यापासून पालिका जागेचे वाद तिथेच मिटवत होती. आज फरशीवर सत्तर वर्षांपूर्वीची वटपौर्णिमा उमटली होती. तेव्हा तिथे मोकळ्या माळावर एक वड आणि एक फुलांचं दुकान, एवढंच होतं.

"बघा यमुनाबाई," पालिकेचे परांडेकर साहेब फुलवाल्या बाईंना म्हणाले, "तुमच्या आजेसासूबाईंचं दुकान गटाराकडे होतं. बसथांब्याजवळची जागा सोडा."

दुकान बसथांब्याच्याच बाजूला होतं, असं यमुनाबाई आजेसासूबाईंकडून ऐकत आल्या होत्या. आजेसासूबाई खोटं बोलायच्या? त्या पुन्हा निरखून बघू लागल्या. बायका वडाला सूत गुंडाळत फिरत होत्या.

"साहेब, वड यांच्या डाव्या हाताला कसा?"

"त्याचं काय?"

"अहो, प्रदक्षिणेत देव उजवीकडे हवा. नवऱ्याचं आयुष्य मागायला आलेल्या बायका उलट्या फिरतील होय? तेही एकजात सगळ्या?"

"असेल तेव्हाची पद्धत!"

"पद्धत नाही, चित्र उलटवलंय कुणीतरी."

यंत्र चालवणारी पालिकेची मुलगी गोरीमोरी झाली. साहेब नको म्हणत असतानाच तिने कळ फिरवली. बायका सुलट्या फिरू लागल्या आणि दुकानातली फुलांची टोपली बसथांब्याजवळ उभ्या असलेल्या यमुनाबाईंच्या पायाशी येऊन थांबली.

यमुनाबाईंनी हात जोडले. मग त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, गेल्या महिन्यात कल्हईवाल्याला उठवलं, तेव्हाचं चित्रही दाखव बरं."